काढलेल्या ओळी आधी

३ मार्च, सोमवार

दादा,

हे पत्र नाही, प्रत आहे. ज्याच्या बदलावर बोट ठेवायचं त्याला प्रत गेलीच पाहिजे, हा नियम. तुझ्या जुन्या मेलच्या पत्त्यावर पाठवलेली प्रत तीन मिनिटांत परत आली, असा पत्ता नाही म्हणून. तेव्हा कागदावर पाठवतेय. सोबत चार पानं आहेत. ती तू वाचलीच पाहिजेस असं नाही, पण तुला पोचली पाहिजेत.

आधी वहिनीला फोन केला होता. ती म्हणाली, "तुझं पाकीट तो फोडणार नाही. मी फोडीन आणि जेवताना मोठ्यानं वाचीन. कान कुठे नेईल?" म्हणून वहिनीला कळेल असं लिहितेय. तुला जिथे बाळबोध वाटेल तिथे पाणी पी.

वहिनी, दोन यंत्रं एकमेकांशी बोलतात तेव्हा ते बोलणं तुकड्यातुकड्यांनी जातं. प्रत्येक तुकड्यावर क्रमांक असतो. कुठला पोचला, कुठला हरवला, कुठला दोनदा आला, हे बघणारा कोड कर्नलमध्ये, म्हणजे यंत्राच्या अगदी गाभ्यात बसलेला असतो. त्यात जगातला कुणीही बदल सुचवू शकतो. तो बदल लिस्टवर, म्हणजे सगळ्यांना जाणाऱ्या मेलमध्ये येतो, लोक ओळ न् ओळ सोलून काढतात, आणि त्या भागाच्या राखणदारानं हो म्हटलं तरच तो आत जातो. आधी राखणदार दादा होता. पाच वर्षं मी आहे.

गेल्या बुधवारी एका बाईंचा पॅच, म्हणजे असा सुचवलेला बदल आला. बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अठ्ठावीस वर्षं काम करतात, पॅच मात्र पहिलाच. घेणारं यंत्र मध्येच कधीतरी नवे तुकडे "हे जुनेच आहेत" म्हणून फेकून द्यायला लागतं आणि जोडणी अडकते, त्यावर त्यांनी एका ओळीची दुरुस्ती केली आहे. दुरुस्ती बरोबर दिसते. खाली नियमाप्रमाणे "ही चूक कुठल्या बदलानं आली" ती ओळ. तिथे त्यांनी तुझा बदल लिहिलाय, तुकडे लहान करणारा.

बाई त्याच एक्स्चेंजच्या आहेत. पाच वर्षांपूर्वी ज्या एकेचाळीस मिनिटांत त्या शहरातून मदतीचे फोन लागले नाहीत, त्या एकेचाळीस मिनिटांत ड्यूटीवर त्याच होत्या. पॅचच्या वर त्यांनी लिहिलंय, "ही चूक कुणाची ते मला पाच वर्षं माहीत आहे. ती कशी झाली ते आत्ता कळलं."

मी अजून हो म्हटलेलं नाही. चालवून बघितल्याशिवाय म्हणणार नाही. कळवायचं ते कळवलं.

राखणदार


९ मार्च, रविवार

दादा,

पानं परत आली नाहीत, त्या अर्थी पोचली. वहिनी म्हणते, वाचन झालं, मध्ये तू फक्त "मीठ दे" म्हणालास. चालेल.

पॅच चालवून बघितला. चूक महिनोन्‌महिने वाट बघायला लावते, कारण क्रमांक चार अब्जांच्या वर गेला की पुन्हा शून्यापासून सुरू होतो, आणि जोडणी अडकते ती त्या उलटण्याच्या क्षणी. तेवढी वाट कोण बघणार? म्हणून तुझीच जुनी युक्ती केली. सुरुवातच शेवटच्या आकड्याच्या जरा अलीकडून करायची, म्हणजे क्रमांक काही सेकंदांत उलटतो. बाईंनी त्यांच्याकडचं एक जुनं यंत्र चाचणीपुरतं मला नेटवरून जोडून दिलंय. ते पाठवतं, आमचं घेतं. तुझा बदल असलेल्या आवृत्तीवर नवव्या सेकंदाला अडकलं. बाईंच्या दुरुस्तीनंतर अडकलं नाही. वीस वेळा केलं, वीसही वेळा तेच.

इथे थांबले असते तर कुणी काही म्हणालं नसतं. सगळे इथेच थांबतात. पण तू शिकवलं होतंस की ज्याच्यावर आरोप आहे तो घरी नसताना चोरी होते का, तेही बघायचं. म्हणून तुझ्या बदलाच्या आधीची आवृत्ती लावली. ती जुनी, सांभाळायची म्हणून ठेवलेली. अजून दीड वर्ष ठेवायची आहे.

ती नवव्या सेकंदाला अडकली.

मला वाटलं मी चुकीची आवृत्ती लावली. पुन्हा लावली. मग केबल बदलली. मग यंत्रच बदललं. आई मागे खुर्चीत बसून होती. तिच्या एका डोळ्यावर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची पट्टी आहे, दुसऱ्यानं ती मला बघत होती. म्हणाली, चार वेळा तेच करतेस आणि चार वेळा तशीच दचकतेस, काय चाललंय? मी सांगितलं, दादाची चूक शोधतेय आणि ती सापडत नाहीये. ती म्हणाली, "मग सापडली नाही असं लिहून टाक. त्यात रडण्यासारखं काय आहे?" मी रडत नव्हते. नोंद असावी म्हणून सांगितलं.

तर तुझा बदल तिथे नव्हता, दादा, आणि चूक होती.

वहिनी, याचा अर्थ काय ते सांगते. "ही चूक कुठल्या बदलानं आली" ही ओळ केवळ खापर फोडण्यासाठी नसते. दुरुस्ती किती मागच्या आवृत्त्यांपर्यंत न्यायची ते त्या ओळीवरून ठरतं. तिथे दादाचा बदल लिहिला, तर दुरुस्ती दादाच्या बदलापर्यंत जाऊन थांबणार. त्याच्या आधीच्या आवृत्तीवर जी यंत्रं चालतात, ती तशीच राहणार. पाच वर्षांपूर्वी आम्ही जी मलमपट्टी केली, जोडणी अडकली की तीस सेकंदांनी तोडून पुन्हा जोडायची, तीही दादाच्या बदलापर्यंतच गेली होती. म्हणजे त्या जुन्या यंत्रांना ना दुरुस्ती, ना पट्टी. ती कुठेकुठे आहेत याची यादी कुणाकडेच नाही. बाईंना विचारलं. त्यांच्या ओळखीची सहा एक्स्चेंज निघाली.

दुरुस्ती या महिनाअखेरच्या आवृत्तीत जायला हवी. त्याआधी खरा बदल कुठला ते शोधते. तो त्याच्याही मागे कुठेतरी आहे.

राखणदार


१५ मार्च, शनिवार

दादा,

सापडला.

चूक नसलेली एक जुनी आवृत्ती आणि असलेली एक, यांच्यामध्ये आपल्या भागातले साडेतीनशे बदल होते. मधला उचलायचा, चालवायचा. अडकला तर दोषी त्याच्या मागे, नाही अडकला तर पुढे. दर फेरीला निम्मे गळतात. नऊ फेऱ्या लागल्या. पाचव्या फेरीनंतर उरलेल्यांची यादी बघितली आणि त्यात एक ओळखीचं शीर्षक दिसलं. तरी उरलेल्या चारही फेऱ्या केल्या. अंदाजानं कुणाला दोषी ठरवायचं नाही, स्वतःलाही नाही.

"तुलना वाचायला सोपी केली. वर्तनात बदल नाही." सहा वर्षांपूर्वीचा. माझा.

वहिनी, स्कूटरचा मीटर आठवतो का? ९९९९९ झाले की पुन्हा ०००००. समजा, काल मीटर ९९९९८ वर होता, आज ००००३ वर आहे. तू म्हणशील, पाच किलोमीटर झाले. दादाच्या आधीच्या लोकांनी वजाबाकी अशी लिहिली होती की तिलाही पाचच कळायचे, कारण वजाबाकीचं उत्तर ठेवायचा डबा मीटरएवढाच लहान होता. मीटर उलटतो तशी तीही उलटायची आणि उत्तर नीट यायचं. मी आले आणि मला तो डबा लहान वाटला. म्हटलं, मोठा घेऊ, मोठा म्हणजे सुरक्षित. मोठ्या डब्यात ती वजाबाकी उलटत नाही. तिला वाटतं, गाडी जवळजवळ लाख किलोमीटर मागे आली. म्हणजे हा तुकडा फार जुना. फेका.

दादाच्या बदलानं एवढंच केलं की तुकडे लहान झाले, त्यामुळे ते संख्येनं दहापट झाले आणि मीटर दहापट वेगानं पळायला लागला. वर्षादोन वर्षांनी कधीतरी उलटणारा आकडा महिन्या-दोन महिन्यांत उलटायला लागला. फुटका डबा माझा. त्यात पाणी घातलं दादानं, म्हणून गळताना दादा दिसला.

मला घाईबाई म्हणायचास ते उगीच नाही. बदल कसा वाचायचा तेही शिकवलं होतंस. आधी काढलेल्या ओळी वाच, मग घातलेल्या. घातलेली ओळ स्वतःची जाहिरात करते, काढलेली मुकाट्यानं जाते, आणि ती कशासाठी होती ते तिला कुणी विचारत नाही. मी माझ्या काढलेल्या ओळी वाचल्या नाहीत.

माझ्या बदलाखाली "तपासलं" म्हणून तुझं नाव आहे. त्याआधी तू मला एक गोष्ट विचारली होतीस. ती तुलाही आठवत असेल. तिच्याबद्दल आज लिहीत नाही.

सोबत माझा सहा वर्षांपूर्वीचा बदल आणि बाईंचा पॅच, दोन्ही छापून जोडलेत. ओळींमध्ये जागा सोडली आहे, पेन्सिलनं लिहायला तुला लागायची तेवढी.

सोमवारी वरच्यांशी बोलते. ओळ बदलायची आहे.

आईचा दुसरा डोळा पुढच्या महिन्यात. विचारत होती, दादा येतोय का. मी म्हटलं, मी नुसत्या प्रती पाठवतेय. ती म्हणाली, "दोघं एकाच पोटची, एक तोंड उघडत नाही आणि दुसरी खरं सोडून सगळं बोलते."

मी


२२ मार्च, शनिवार

दादा,

मुकादमाशी बोलले. तुझ्या वेळचाच आहे. अजूनही सगळ्या राखणदारांचे बदल गोळा करून वर पाठवतो आणि अजूनही फोनवर काहीतरी चावत बोलतो. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, बाईंची दुरुस्ती घे, जुन्या आवृत्तीवर ती वेगळी पाठवून दे, मी गुपचूप घेतो. ओळ आहे तशी राहू दे. पाच वर्षांपूर्वीचं कशाला उकरतेस? "झाकली मूठ सव्वा लाखाची. तो तर कधीच सोडून गेला, त्याचं आता काय जातंय?"

मी म्हटलं, ओळीत जे लिहिलंय ते खोटं आहे, आणि खोट्या ओळीवर मी सही करत नाही. तो म्हणाला, ओळ बदललीस तर लोक विचारतील, राखणदार म्हणून तुझ्यावर विश्वास का ठेवायचा. मी म्हटलं, विचारू देत, बरोबर प्रश्न आहे.  शेवटी म्हणाला, लिहायचंच असेल तर एकदाच लिही आणि पुरतं लिही, हप्त्याहप्त्यानं नको.

पुरतं लिहिलं. मंगळवारी लिस्टवर गेलं. तुला आता मेल येत नाही म्हणून इथे उतरवतेय.

"ही दुरुस्ती ज्या बदलामुळे लागते आहे तो बदल माझा आहे. 'चूक कुठून आली' त्या ओळीत तो घालावा, म्हणजे दुरुस्ती सर्वांत जुन्या सांभाळलेल्या आवृत्तीपर्यंत जाईल. चाचणीचे निकाल जोडले आहेत, कुणीही पुन्हा करून पाहावेत. आणखी एक. पाच वर्षांपूर्वी तुकडे लहान करणाऱ्या बदलावरून चौकशी झाली, तेव्हा खाली 'तपासलं' म्हणून माझं नाव होतं. मी याच लिस्टवर लिहिलं होतं की मी फक्त मांडणी पाहिली, गणित लेखकाचं. ते खोटं होतं. ते गणित मी लेखकाशेजारी बसून तीन दिवस तपासलं होतं. ते बरोबर होतं. अजूनही बरोबर आहे. मी राखणदार राहावं की नाही हे लिस्टनं ठरवावं. ठरेपर्यंत काम थांबणार नाही."

त्या वेळी तू माझं ते वाक्य वाचलंस आणि लिस्टवर चकार शब्द काढला नाहीस. दुसऱ्या दिवशी राखणदारी सोडलीस, माझं नाव सुचवलंस आणि छापलेल्या सगळ्या पानांची गठडी माझ्या दारात ठेवून गेलास. मी सगळ्यांना सांगत राहिले की तू थकला होतास. मी घाबरले होते. चौकशीत दोन नावं होती, आणि एक माझं होतं. ते मी पुसलं. एवढंच झालं होतं. पाच वर्षं याचं काहीतरी गुंतागुंतीचं कारण असल्यासारखं मी वागले.

पहिलं उत्तर बाईंचं आलं. "मी पाच वर्षं भलत्याच माणसाला शिव्या दिल्या. आता तुम्हाला देते आहे. आज सकाळपासून तीन झाल्या. ओळ बदलली आहे, पॅचची सुधारलेली दुसरी प्रत जोडते." आणि खाली, "त्या गृहस्थांचा पत्ता असेल तर कळवा. त्यांना मला वेगळं काहीतरी लिहायचं आहे." पत्ता द्यायचा का, ते वहिनीनं सांगावं.

बाकीच्यांत दोघं म्हणतात मी जावं, चौघं म्हणतात राहावं, आणि एकानं माझ्या मेलमधली वाक्यं फार लांब आहेत असं कळवलंय.

पुढच्या शुक्रवारी पॅच आत घेते.

तुझी धाकटी


२ एप्रिल, बुधवार

दादा,

शुक्रवारी पॅच आत गेला नाही. गुरुवारी तुझं पाकीट आलं.

आत पत्र नव्हतं, ना नाव ना तारीख. मी पाठवलेलीच पानं, कोपऱ्यावर तुझ्या दुकानातल्या तेलाचा अंगठा. वहिनी म्हणते, तू ती तीन दिवस दुकानात वजनकाट्याला टेकवून ठेवली होतीस. लोक काटे दुरुस्तीला आणायचे आणि तू काट्याच्या मागे बघत बसायचास. बाईंच्या पॅचवर एकही खूण नाही. माझ्या सहा वर्षांपूर्वीच्या बदलावर, काढलेल्या ओळींमध्ये, पेन्सिलचं एक वर्तुळ. दुसऱ्या पानावर खाली. आणि पानाच्या तळाशी तुझ्या अक्षरात,

"उलट चालवून पाहिलंस का?"

मी तशीच उठून संगणक चालू केला. लहान डबा मी दोन ठिकाणी काढला होता. एक घेणाऱ्या बाजूला, जिथे तुकडा नवा की जुना हे ठरतं. दुसरा पाठवणाऱ्या बाजूला, जिथे पोच आली की कुठले तुकडे आता सोडून द्यायचे हे ठरतं. बाईंची दुरुस्ती पहिल्या जागेची. त्यांचं जुनं यंत्र कायम पाठवणारं आणि आमचं कायम घेणारं, म्हणून दुसरी जागा आम्हाला दिसलीच नाही. मी घातलेल्या ओळी शंभरदा वाचल्या असतील. तू काढलेल्या वाचल्यास.

उलट चालवलं. आमचं पाठवणारं, त्यांचं घेणारं. सातव्या सेकंदाला अडकलं. मलमपट्टीसुद्धा तिथे लागू होत नव्हती. ती फक्त घेणाऱ्या बाजूची.

बाईंना फोन केला. त्या एका शब्दानं वैतागल्या नाहीत, कागद घेऊन या बाजूनं त्या बाजूनं सगळं पुन्हा मांडून घेतलं. ही दुसरी जागा कुणी शोधली, असं विचारलं. मी म्हटलं, वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या एकानं. त्या म्हणाल्या, मग काट्यासारखं बरोबर असणार. त्यांनी तिसरी प्रत पाठवली आहे, दोन्ही जागांची. मुकादमानं महिनाअखेरची आवृत्ती हुकल्याबद्दल पाच मिनिटं बोलून घेतलं आणि दोन आठवड्यांची सवड दिली. माझं राखणदार राहणं तूर्त तसंच आहे. पण यापुढे माझ्या स्वतःच्या बदलांवर दुसऱ्या कुणाचं तरी "तपासलं" लागेल. ती सूचना मीच केली.

आता ती राहिलेली गोष्ट.

सहा वर्षांपूर्वी मी तो बदल तुला दाखवला तेव्हा तू दाढी करत होतास. पानं मी आरशाशेजारी धरली होती. तू आरशातूनच विचारलंस, "चालवून पाहिलंस का?" मी हो म्हटलं. पाहिलं नव्हतं. वर्तनात बदल नाही असं मीच लिहिलं होतं, मग चालवायचं काय, असं मनात म्हटलं. तू तोंडाला साबण तसाच ठेवून संगणकापाशी आलास आणि खाली "तपासलं" लिहून स्वतःचं नाव घातलंस. माझ्या शब्दावर. लिस्टवर जे खोटं बोलले ते घाबरून बोलले. हे मात्र भीती नसताना बोलले, चहा निवत होता म्हणून. पुढचं सगळं यातून आलं.

नव्या पॅचखाली तुझं "तपासलं" घालावं अशी माझी आणि बाईंची इच्छा आहे. पण माणसानं स्वतः लिहून दिल्याशिवाय त्याचं नाव घालायचं नाही, हा नियम तूच केलास, आणि पेन्सिलचं वर्तुळ म्हणजे लिहून देणं नव्हे. पॅच अकरा तारखेच्या शुक्रवारी आत जाणार, तुझ्या नावासकट किंवा नावाशिवाय. त्या सहा एक्स्चेंजना तुझी माझी वाट बघायला लावता येणार नाही. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन चौदा तारखेला आहे, सकाळी नऊला. हेही प्रत म्हणूनच कळवतेय.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. हो दादा. सुलट बाराशे वेळा आणि उलट बाराशे वेळा. निकालाची अकरा पानं जोडली आहेत. ती बघ, माझ्या शब्दावर जाऊ नकोस.

घाईबाई